आझाद मैदानावरचा डावखुरा



कामगार चळवळीतल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत उभे राहून क्रिकेटवर बोलावे, हे आपल्यापैकी काहींना चमत्कारिक वाटले असेल. ह्या व्यासपीठावरून आपण संतवाङ्मय ऐकता, इतिहास ऐकता, अर्थकारण ऐकता. आणि आज युनियनचा एक माणूस उभा राहतो आणि यशस्वी जयस्वाल नावाच्या पोराच्या फलंदाजीवर बोलू म्हणतो! परंतु आमचा पिंडच असा आहे, की जेथे म्हणून काम चालते तेथे आमचे लक्ष जाते. माणूस हाताने काय करतो, ते तो कोठे शिकला, त्याला शिकायला वेळ कोणी दिला, आणि कामाचे मोल कोणाच्या पदरात पडते, हे आमचे चार प्रश्न आहेत. शाळेने आम्हांस फार शिकवले नाही. जे थोडेफार कळले ते युनियनच्या कचेरीतल्या पुस्तकांनी आणि ह्या चार प्रश्नांनी. तेव्हा तेच चार प्रश्न घेऊन आम्ही आज आपणांपुढे आलो आहो.

आरंभी दोन आकडे सांगतो. ते ध्यानात ठेवावेत, कारण पुढचे सारे विवेचन त्यांच्याभोवती फिरणार आहे.

2022 च्या जून महिन्यात बंगळूर येथे मुंबई आणि उत्तर प्रदेश ह्यांच्यात रणजी करंडकाचा उपान्त्य सामना झाला. पहिल्या डावात जयस्वालने शतक केले होते. दुसऱ्या डावात तो सलामीला आला आणि त्याला धावच निघेना. दुसऱ्या टोकाला पृथ्वी शॉ धावा लुटीत होता, आणि हा मात्र चेंडू अडवतो आहे, सोडतो आहे, पुन्हा अडवतो आहे. पहिली धाव घ्यायला त्याला 54 चेंडू लागले! धाव निघाली तेव्हा प्रतिपक्षाच्या खेळाडूंनीही टाळ्या पिटल्या, आणि ह्याने शतक झाल्याप्रमाणे बॅट उंचावून त्या हसतमुखाने स्वीकारल्या. त्या डावात पुढे त्याने 181 धावा केल्या.

हा पहिला आकडा. आता दुसरा. त्यानंतर अकरा महिन्यांनी, म्हणजे 11 मे 2023 रोजी, कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर राजस्थानकडून खेळताना ह्याच मुलाने पहिल्या षटकात 26 धावा घेतल्या आणि 13 चेंडूंत अर्धशतक पुरे केले. तोवरच्या आयपीएलमधले ते सर्वांत जलद अर्धशतक होते.

एका धावेला 54 चेंडू आणि पन्नास धावांना 13 चेंडू! माणूस तोच, हात तेच, बॅटही तीच. लोक म्हणतात की हा उपजत गुण आहे, देवाची देणगी आहे. आम्ही देणगी नाकारीत नाही. परंतु ज्याने कारखान्यात कसबी कामगार पाहिला आहे, त्याला ह्या दोन आकड्यांत देणगीपेक्षा निराळे काही दिसते. कसबी माणूस यंत्राची गती मालाप्रमाणे ठेवतो. जाड सूत आले तर एक गती, बारीक सूत आले तर दुसरी. गती बदलली तरी हात बिघडत नाही, ह्याचेच नाव कसब. आणि कसब हे तासांनी येते. मग हे तास आले कोठून? आजच्या व्याख्यानाचा खरा विषय हा आहे.

यशस्वीचा जन्म 28 डिसेंबर 2001 रोजी उत्तर प्रदेशातल्या भदोही जिल्ह्यातील सुरियावां येथे झाला. भदोही हा गालिच्यांचा मुलूख. तेथल्या मागांवर एकेक गाठ मारून विणलेले गालिचे जगभर जातात. वडिलांचे तेथे लहानसे दुकान. मुलाला क्रिकेटचे वेड. मुंबईतून क्रिकेटपटू निघतात एवढे त्याने ऐकलेले. तेव्हा दहा-अकरा वर्षांच्या वयात तो मुंबईस आला.

प्रथम वरळीला नातेवाइकाच्या घरी राहिला. पण ती जागा एवढी अपुरी, की आणखी एक माणूस मावेना. मग काळबादेवीला एका दुधाच्या दुकानात सोय झाली. झोपायला जागा मिळेल, त्याबदल्यात दुकानात काम करावे, असा करार. दिवसभर मैदानावर धावलेले पोर रात्री काम करता करता झोपून जाई. एके दिवशी त्याचे सामान बाहेर ठेवण्यात आले. काम करीत नाही तर जागा नाही! ह्या व्यवहाराला काय म्हणतात हे आम्ही आपणांस सांगावयास नको. अकरा-बारा वर्षांच्या मुलाकडून झोपण्याच्या जागेसाठी काम घेणे, ह्याला कायद्यात आणि नीतीत एकच नाव आहे.

तेथून तो आला आझाद मैदानावर, मुस्लिम युनायटेड क्लबच्या तंबूत. ह्या तंबूत मैदानाचे माळी राहत. यशस्वी त्यांच्यात राहिला. तंबूत वीज नव्हती. रात्रीचे जेवण मेणबत्तीच्या उजेडात होई. पोळ्या करण्याचे काम ह्याच्याकडे असे. उन्हाळ्यात आत उकाडा, पावसाळ्यात खाली चिखल. रात्री-अपरात्री शौचाला जायचे तर सार्वजनिक शौचगृह बंद. हे सारे त्याने पुढे मुलाखतींतून सांगितले आहे आणि न कुरकुरता सांगितले आहे.

आता आपण ज्या गोष्टीची वाट पाहत आहात तिच्याकडे येतो. ती गोष्ट म्हणजे पाणीपुरीची. हा मुलगा मैदानाजवळ संध्याकाळी पाणीपुरीच्या गाडीवर काम करी, आणि सोबत खेळणारी मुले तेथे खायला आली की त्याला संकोच वाटे. ही गोष्ट वर्तमानपत्रांनी एवढी उचलली, की जणू पाणीपुरी विकल्यामुळेच तो कसोटीत शतके काढतो! त्याचे गुरू ज्वाला सिंग ह्यांनी पुढे ह्या प्रकाराविरुद्ध जाहीर नाराजी दाखवली. गाडीवर मदत केली ती थोड्या दिवसांपुरती. त्याला घडवले ते वर्षानुवर्षांच्या सरावाने, असे त्यांचे म्हणणे.

आम्ही गुरुजींच्या बाजूचे आहो. पाणीपुरी विकण्यात कमीपणा काहीच नाही. ते कष्टाचे काम आहे. आमची हरकत निराळी आहे. ‘पोर उपाशी राहिले म्हणून मोठे झाले’ हे वाक्य ज्यांची पोटे भरलेली असतात त्यांना फार आवडते. त्यात एक सोय असते. भुकेमुळेच गुणवान माणसे तयार होत असतील, तर भूक दूर करण्याची तसदी कोणी कशाला घ्यावी? आम्ही तीस वर्षे कामगारांत वावरलो आहो. भुकेने माणूस मोठा झालेला आम्ही पाहिला नाही. भुकेने हात थरथरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि यंत्रात बोट जाते, हे मात्र पाहिले आहे. यशस्वी मोठा झाला तो भूक असूनही झाला, भुकेमुळे नव्हे. हे एवढे ‘असूनही’ आणि ‘मुळे’ ह्यांतले अंतर ज्याला कळले त्याला अर्धे अर्थशास्त्र कळले.

मग त्याला मोठे केले कशाने? आमचे उत्तर असे की तीन गोष्टींनी. पहिली गोष्ट मैदान, दुसरी मैदानावरची माणसे, आणि तिसरी गुरूने दिलेला आसरा. 2013 च्या अखेरीस ज्वाला सिंग ह्यांच्या दृष्टीस हा मुलगा पडला. तेही उत्तर प्रदेशातून क्रिकेटसाठीच मुंबईस आलेले गृहस्थ. त्यांनी त्याला सांताक्रूझला आपल्या घरी ठेवून घेतले. घर मिळाले, पोटाची काळजी मिटली, आणि मुलाचे दिवसाचे सगळे तास मोकळे झाले. मग किती लवकर फळ आले पाहा. 2015 साली गाइल्स ढालीच्या शालेय सामन्यात त्याने नाबाद 319 धावा केल्या आणि 99 धावांत 13 बळी घेतले. ऑक्टोबर 2019 मध्ये विजय हजारे करंडकात झारखंडविरुद्ध 154 चेंडूंत 203 धावा केल्या. तेव्हा त्याचे वय 17 वर्षे 292 दिवस होते, आणि एवढ्या लहान वयात एकदिवसीय सामन्यात द्विशतक तोवर जगात कोणी केले नव्हते. 2020 च्या आरंभी दक्षिण आफ्रिकेतल्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषकात सहा सामन्यांत 400 धावा केल्या. उपान्त्य सामन्यात पाकिस्तानविरुद्ध नाबाद शतक, अंतिम सामन्यात 88. तो अंतिम सामना भारत हरला; स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू मात्र हाच ठरला. तास मोकळे मिळाल्यावर सहाएक वर्षांत आलेले हे पीक आहे.

मैदानाविषयी थोडे सविस्तर बोलतो, कारण आझाद मैदानाशी आमचाही ऋणानुबंध आहे. फक्त आमचा कोपरा निराळा. मोर्चे आणि धरणी ह्यांसाठी मैदानाचा एक भाग राखून ठेवलेला आहे. 2018 च्या मार्चमध्ये नाशिकहून पायी निघालेले शेतकरी येथेच येऊन बसले होते. ह्या भागात घोषणा चालू असतात आणि थोड्या अंतरावर पांढऱ्या कपड्यांतली मुले चेंडूफळी खेळत असतात. तेथे बावीस खेळपट्ट्या आहेत. एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या पंचाशेजारी उभा असतो. कोणाचा चेंडू कोणाच्या पायाशी येईल त्याचा नेम नाही. एकाच मैदानावर हक्क मागणारी माणसे आणि खेळ शिकणारी मुले शेजारी-शेजारी नांदतात. मैदान सर्वांचे आहे म्हणूनच हे घडू शकते. फाटकावर तिकीट लावले असते, तर भदोहीचा तो मुलगा आत आला नसता आणि आम्हीही आलो नसतो.

आता मैदानावरची माणसे. पहाटे दव झटकून खेळपट्टी कोरडी करणारा, रूळ फिरवणारा, चुन्याच्या रेघा मारणारा, संध्याकाळी पाणी घालणारा तो माळी. आपल्या क्रिकेटचा इतिहास नीट वाचला, तर पाया खणणाऱ्यांत ही माणसे जागोजाग सापडतात. पुण्यातले पळवणकर बाळू आठवा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पूना क्लबात महिना चार रुपयांवर ते खेळपट्टीची निगा राखीत आणि सरावात साहेबांना चेंडू टाकीत. गोलंदाजी बाळूंनी करायची आणि फलंदाजी साहेबांनी, अशी ती वाटणी होती! जातीमुळे ज्यांना चहासुद्धा वेगळ्या भांड्यात मिळे, त्याच बाळूंनी 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. पुढे एकनाथ सोलकर. मुंबईच्या हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा हा मुलगा, मैदानाच्या कडेला एका खोलीत वाढलेला. फलंदाजाच्या बॅटीपासून हातभर अंतरावर उभे राहून त्याने 27 कसोटींत 53 झेल घेतले. त्या काळी डोक्यावर शिरस्त्राणही नसे. बाळू, सोलकर आणि माळ्यांच्या तंबूतला यशस्वी, अशी ही परंपरा आहे. ज्यांनी मैदान राखले त्यांच्यातूनच खेळणारे निघाले. यशस्वीला तंबूत सामावून घेणाऱ्या माळ्यांची नावे कोणत्याही धावफलकावर येत नाहीत, म्हणून येथे त्यांचा उल्लेख करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

आता त्याच्या खेळाकडे वळू या. फलंदाज डावखुरा, सलामीचा. अंगापासून दूर पडलेला आखूड चेंडू तो चौकोनी फटक्याने पॉइंटच्या बाजूला असा कापतो, की क्षेत्ररक्षकाला वाकायलाही वेळ मिळू नये. फिरकी गोलंदाज आला की पुढे सरसावून डोक्यावरून, किंवा गुडघा टेकून झाडू मारल्यागत चेंडू पायाच्या बाजूला भिरकावणे, आणि वेळ पडली तर मनगटे उलटी करून तोच झाडू उलटा फिरवणे. हे फटके पाहणाऱ्याला बेफिकिरीचे वाटतात. त्यामागची तयारी पाहिली म्हणजे मत बदलते. विदर्भात तळेगाव येथे राजस्थान संघाची सरावशाळा आहे. तेथे एकेक फटका तो शेकडो वेळा घोटीत असे. ऑस्ट्रेलियाला जाण्यापूर्वी ठाण्यात सिमेंटच्या उतरत्या फरशीवर चेंडू आपटवून उसळीचा सराव केला. आम्ही ह्याला तालीम म्हणतो. कारखान्यात ह्याला उमेदवारी म्हणत.

2023 च्या जुलैत वेस्ट इंडीजमध्ये डोमिनिका बेटावर रोसो येथे त्याने पहिली कसोटी खेळली. पहिल्याच डावात 171 धावा, आणि त्यांना लागले 387 चेंडू. दोन महिन्यांपूर्वी 13 चेंडूंत पन्नास करणारा हाच का तो, असे पाहणाऱ्याला वाटावे! मग 2024 ची इंग्लंडविरुद्धची मालिका. विशाखापट्टणमला भारताने 396 धावा केल्या. त्यांपैकी 209 एकट्याच्या. त्या डावात दुसऱ्या क्रमांकाची धावसंख्या होती 34. सबंध पाळीचे काम एका हाताने ओढल्यासारखा तो डाव होता. पुढे राजकोटला शतक झाल्यावर पाठीत कळ आली म्हणून तो परतला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन नाबाद 214 केल्या. त्यांत षटकार 12. वासिम अक्रमने एका डावात 12 षटकार मारले होते, त्या विक्रमाशी ही बरोबरी झाली. जेम्स अँडरसनसारख्या जुन्याजाणत्या गोलंदाजाला त्याने ओळीने तीन षटकार मारले. एक पायाच्या बाजूला, एक कव्हरच्या डोक्यावरून आणि एक सरळ. तीन चेंडू आणि तीन दिशा, म्हणजे कर्णधाराने माणूस ठेवावा तरी कोठे? पाच कसोटींत मिळून 712 धावा झाल्या. एका मालिकेत सातशेचा आकडा त्यापूर्वी एकाच भारतीयाने ओलांडला होता, सुनील गावसकर ह्यांनी. 1971 मध्ये 774 आणि 1978-79 मध्ये 732.

परंतु आमच्या मते त्याचे खरे कसब दिसले ते पर्थला, 2024 च्या नोव्हेंबरात. पहिल्या डावात अंगापासून दूरचा चेंडू मारायला जाऊन तो शून्यावर झेलबाद झाला. सबंध भारतीय डाव 150 मध्ये आटोपला. दुसऱ्या डावात मारण्याजोगा नसलेला चेंडू तो सोडू लागला. चेंडू सोडणे हे काम धावफलकावर दिसत नाही. पण फलंदाज आपला मोह आवरतो आणि गोलंदाजाला दमवतो, ते ह्याच कामाने. संपात उतरलेल्या माणसाला हे लगेच कळेल. हात न उचलणे हेही कधी कधी मोठे काम असते. राहुलबरोबर त्याने पहिल्या जोडीसाठी 201 धावा जोडल्या, आणि स्वतः 297 चेंडूंत 161 केल्या. ह्यापूर्वीचा संयम पाहता गंमत अशी की शतक पुरे केले ते मात्र हेझलवूडच्या उसळत्या चेंडूला यष्टिरक्षकामागे उंच षटकार मारून! भारताने तो सामना 295 धावांनी जिंकला.

कौतुक पुरे, आता उणिवाही सांगितल्या पाहिजेत. व्याख्यानमाला म्हणजे सत्कारसमारंभ नव्हे. त्याच पर्थच्या डावात त्याने मिचेल स्टार्कला, चेंडू फार हळू येतो आहे, असे ऐकवले. पुढच्या कसोटीत, अॅडलेडला, सामन्याच्या पहिल्याच चेंडूवर स्टार्कने त्याला पायचीत केले. त्यापूर्वी 2022 च्या दुलीप करंडकाच्या अंतिम सामन्यातही, दुसऱ्या डावात 265 धावा केल्यावर क्षेत्ररक्षण करताना प्रतिपक्षाच्या फलंदाजाला तो वारंवार डिवचू लागला, तेव्हा कर्णधार अजिंक्य रहाणे ह्यांनी त्याला सरळ मैदानाबाहेर पाठवले. आपल्याच संघाचा शतकवीर असून बाहेर! रहाणे ह्यांचे हे वर्तन आम्हांस फार मोलाचे वाटते. काम चांगले करणाऱ्यालाही शिस्त चुकत नाही, हे ज्या संघटनेत पाळले जाते ती संघटना टिकते.

झेलांचे पाहा. मेलबर्नला 2024 च्या डिसेंबरात त्याने दोन्ही डावांत ऐंशीच्या वर धावा केल्या; त्याच सामन्यात त्याच्या हातून तीन झेल सुटले. 2025 च्या जूनमध्ये लीड्सला पहिल्या दिवशी शतक केले. त्याही सामन्यात झेल सुटत गेले आणि भारत हरला. सोलकरच्या मैदानावरच्या मुलाने येथे कमी पडू नये. डाव्या हाताचा वेगवान गोलंदाज चेंडू आत-बाहेर करू लागला की त्याचा लाडका कापता फटकाच त्याला गोत्यात आणतो. 2025 च्या नोव्हेंबरात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध मायदेशातच चार डावांत एकच अर्धशतक निघाले. ह्या उणिवा सांगताना आम्हांस निराशा वाटत नाही. 54 चेंडू थांबणारा माणूस उणिवाही घोटून दूर करू शकतो.

आता जाता जाता आमच्या घरचा विषय. गिरण्यांच्या दिवसांत बदली कामगार असे. रोज सकाळी फाटकावर हजर राहायचे. कायम कामगार गैरहजर असला तर काम, नाहीतर परत घरी. 1982 च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, पण बदली ही जात काही नष्ट झाली नाही. 2024 च्या ट्वेन्टी-ट्वेन्टी विश्वचषकात यशस्वी विजेत्या संघात होता, मात्र एकही सामना खेळला नाही. 2025 च्या चॅम्पियन्स करंडकासाठी प्रथम नाव जाहीर झाले आणि मग ते काढून दुसऱ्याचे घातले गेले. हा पगाराच्या दृष्टीने गरीब बदली नव्हे, हे उघड आहे. 2019 च्या लिलावात 2 कोटी 40 लाखांना घेतलेला हा मुलगा 2025 च्या हंगामासाठी 18 कोटींना राखला गेला. पण पैसा पुष्कळ असला म्हणजे शाश्वती आलीच असे नाही. 2025 च्या एप्रिलात त्याने मुंबई सोडून गोव्याकडून खेळण्याची परवानगी मागितली आणि मे महिन्यात ती मागणी परत घेतली. त्यावर कोणी त्याला कृतघ्न म्हटले, कोणी ‘बाहेरचा तो बाहेरचाच’ म्हटले. आम्ही विचारतो, कामाची जागा बदलण्याचा विचार करणे हा गुन्हा केव्हापासून झाला? आमच्या गिरण्या चालवल्या त्या कोकणातून आणि घाटावरून आलेल्या माणसांनी. तीही एके काळी मुंबईला बाहेरचीच होती. जो मुंबईसाठी घाम गाळतो तो मुंबईचा. दुसरी व्याख्या आम्हांस ठाऊक नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या कानावर घालतो. भारतात क्रिकेटपटूंची संघटना 2019 साली स्थापन झाली. परंतु ती निवृत्त खेळाडूंची आहे. जे आज खेळतात त्यांची संघटना नाही. आणि माळ्यांचे काय? 2024 ची आयपीएल संपल्यावर क्रिकेट मंडळाने नेहमीच्या दहा मैदानांवरच्या कर्मचाऱ्यांना मैदानामागे 25 लाख रुपये देण्याचे जाहीर केले. चांगले झाले, आम्ही त्याचे स्वागत करतो. पण बक्षीस निराळे आणि वेतन निराळे. बक्षीस हे देणाऱ्याच्या मर्जीवर असते, वेतन हा घेणाऱ्याचा हक्क असतो. आणि ज्या मैदानांवर आयपीएल होत नाही, जेथे कॅमेरे येत नाहीत, जेथे तंबूत मेणबत्ती जळते, तेथल्या माळ्याला बक्षीसही नाही.

श्रोतेहो, विषय आवरता घेतो. यशस्वी जयस्वालकडून आपण काय घ्यावे? आपल्या मुलांना ‘बघ, तो तंबूत राहिला, तू का नाही कष्ट करीत’ असे सांगून भागणार नाही. त्या तंबूच्या आसपास असे स्वप्न घेऊन आलेली आणखी किती मुले होती आणि त्यांचे पुढे काय झाले, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. एकाला गुरूचे घर मिळाले म्हणून आपल्याला एक कसोटीवीर मिळाला. बाकीच्यांची व्यवस्था आपण नशिबावर सोपवली आहे. नशीब ही काही योजना नव्हे.

योजना आपल्या हातात आहे आणि ती फार मोठी नाही. आपल्या गावात मोकळे मैदान किती उरले आहे, ते कोणाच्या नावावर आहे, त्यावर उद्या काय बांधायचे ठरले आहे, हे नगरपालिकेत जाऊन विचारा. मैदानावर पाण्याचा नळ आणि शौचगृह आहे काय, रात्री ते उघडे असते काय, तेही पाहा. जो माळी ते मैदान राखतो त्याला किमान वेतन मिळते काय आणि राहायला पक्की खोली आहे काय, ह्याची चौकशी करा. आणि संध्याकाळी गाडीवर, हॉटेलात किंवा गॅरेजमध्ये राबणारे बारा वर्षांचे पोर दिसले, तर त्याच्या कष्टाचे कौतुक करून पुढे जाऊ नका. त्याचे तास त्याला परत मिळवून द्या. त्यांतले एखादे क्रिकेट खेळेल, दुसरे तबला वाजवील, तिसरे गणित करील. बहुतेक जण साधीच माणसे होतील, आणि त्यात काही वाईट नाही. मोकळे बालपण मिळण्यासाठी मोठे होण्याची अट असू नये.